उदगीरची लढाई (१७६०)

दिनांक: ३ फेब्रुवारी १७६०
स्थान: औसा परिसर (सध्याचा लातूर जिल्हा, महाराष्ट्र)
युध्यमान पक्ष: मराठे आणि हैदराबादचा निजाम
मराठ्यांचे सेनापती: सदाशिवरावभाऊ, रघुनाथराव, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी
निजामाचे सेनापती: सलाबतजंग, निजाम अली
परिणती: मराठ्यांचा विजय
प्रादेशिक बदल: सुमारे ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख व अनेक किल्ले मराठ्यांकडे

उदगीरची लढाई ही मराठे व हैदराबादचा निजाम यांच्यात जानेवारी-फेब्रुवारी १७६० मध्ये मराठवाड्यातील उदगीर, औसा व तांदुळजा या टापूत झालेली लढाई होय. उदगीरहून धारूरकडे सरकू पाहणाऱ्या निजामाच्या फौजेचा मराठ्यांनी पाठलाग केला, तिची रसद तोडली आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाजवळ तिच्यावर निर्णायक हल्ला चढवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत निजामाने तह केला. प्रत्यक्ष रणसंग्रामाच्या मानाने ही लढाई लहान होती, परंतु तिच्यामुळे झालेला तह अठराव्या शतकातील मराठ्यांच्या सर्वांत लाभदायक तहांपैकी एक ठरला. या विजयामुळे सदाशिवरावभाऊंचा सेनापती म्हणून लौकिक वाढला आणि महिनाभरातच उत्तरेच्या मोहिमेचे, म्हणजेच पुढे पानिपतच्या तिसऱ्या लढाईत संपलेल्या मोहिमेचे, नेतृत्व त्यांच्याकडे आले.

नाव आणि स्थान

ही लढाई ‘उदगीरची लढाई’ या नावाने ओळखली जात असली, तरी तिचा निर्णय उदगीरच्या परिसरात लागला नाही. चकमकींना उदगीरच्या आसपास सुरुवात झाली, फौजा लढत लढत पश्चिमेकडे सरकल्या आणि अखेरचा मोठा हल्ला उदगीरपासून सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर अंतरावरील औशाच्या परिसरात झाला. औशाच्या वायव्येस, सध्याच्या लातूर तालुक्यात असलेल्या तांदुळजा या गावाचे नावही या लढाईशी जोडले गेले आहे. मोहिमेला मात्र उदगीरचेच नाव चिकटले आणि इतिहासलेखनात तेच रूढ झाले. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदपत्रांच्या मालेचा पहिलाच खंड या लढाईला वाहिलेला असून त्याच्या शीर्षकातही उदगीरचाच उल्लेख आहे.

तत्कालीन मराठी पत्रांत निजामाच्या फौजेचा उल्लेख बहुधा ‘मोगल’ असा येतो. दिल्लीच्या बादशहाचा दख्खनचा सुभेदार म्हणून निजामाची सत्ता सुरू झाली होती आणि त्यामुळे त्याचा मुलूख ‘मोगलाई’ म्हणून ओळखला जाई. या लेखात सुस्पष्टतेसाठी ‘निजामाची फौज’ हा शब्दप्रयोग वापरला आहे.

पार्श्वभूमी

फ्रेंच आधाराचा उदय आणि अस्त

पहिला निजाम निजामउल्मुल्क आसफजाह १७४८ मध्ये मरण पावल्यानंतर त्याच्या वारसांत गादीसाठी संघर्ष सुरू झाला. नासिरजंग व मुजफ्फरजंग हे दोघेही थोड्याच काळात मारले गेले आणि १७५१ मध्ये फ्रेंच सेनापती बुसी याच्या पाठबळावर सलाबतजंग गादीवर आला. पुढील सात वर्षे बुसीची कवायती पायदळ पलटण आणि तोफखाना हाच निजामाच्या सत्तेचा कणा राहिला. नोव्हेंबर १७५१ मध्ये कुकडी नदीकाठी बुसीने मराठ्यांच्या छावणीवर रात्रीच्या वेळी केलेल्या हल्ल्याने शिस्तबद्ध गोळीबाराचे सामर्थ्य पेशव्यांच्या प्रत्ययास आले. १७५६ मध्ये सावनूरच्या वेढ्यात बुसी पेशव्यांच्या बाजूने लढला, तेव्हा त्याच तोफखान्याचा परिणाम मराठ्यांनी जवळून पाहिला.

१७५८ मध्ये फ्रेंच गव्हर्नर लाली याने बुसीला कर्नाटकात परत बोलावले. एप्रिल १७५९ मध्ये इंग्रजांनी मच्छलीपट्टण जिंकले आणि फ्रेंचांचा या भागातील आधार संपला. त्यानंतर सलाबतजंगाने इंग्रजांशी करार करून फ्रेंचांना आपल्या राज्यातून दूर करण्याचे मान्य केले. निजामाचा दरबारही या काळात दुभंगलेला होता. मे १७५८ मध्ये औरंगाबाद येथे बुसीचा दिवाण हैदरजंग व माजी दिवाण शाहनवाजखान यांचा एकाच दिवशी खून झाला. सलाबतजंग नावाचा निजाम उरला आणि कारभाराची सूत्रे हळूहळू त्याचा धाकटा भाऊ निजाम अली याच्या हाती गेली.

इब्राहिमखान गारदी

बुसीच्या हाताखाली तयार झालेल्या एतद्देशीय अधिकाऱ्यांपैकी इब्राहिमखान हा एक होता. कवायती पायदळाला मराठीत ‘गारदी’ म्हणत. हा शब्द पहारा किंवा रक्षक या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. इब्राहिमखान काही काळ निजाम अलीच्या चाकरीत होता. ती सुटल्यावर सदाशिवरावभाऊंनी त्याला त्याच्या पलटणी व तोफांसह पेशव्यांच्या सेवेत घेतले. अशा रीतीने दोनतीन वर्षांत पारडे फिरले. ज्या प्रकारच्या सैन्याच्या बळावर निजाम मराठ्यांना थोपवून धरत असे, तेच सैन्य आता मराठ्यांच्या छावणीत होते.

गारद्यांच्या नेमणुकीबाबत पेशव्यांच्या दरबारात एकमत नव्हते. मुजफ्फरखान हा आधीचा गारदी सरदार पेशव्यांना सोडून १७५६ मध्ये सावनूरच्या नबाबाला मिळाला होता. तो पुन्हा चाकरीत आल्यावर ऑक्टोबर १७५९ मध्ये पुण्यात गारपीर येथे सदाशिवरावभाऊंवर खुनी हल्ला झाला आणि त्यामागे मुजफ्फरखानाचा हात असल्याचे उघड झाल्याने त्याला देहदंड देण्यात आला. भाऊ या हल्ल्यातून बचावले. इब्राहिमखानावरील त्यांचा विश्वास या घटनेनंतरही ढळला नाही.

सिंदखेड ते अहमदनगर

डिसेंबर १७५७ मध्ये सिंदखेड येथे निजाम अली व मराठे यांच्यात लढाई झाली होती. तीत निजाम अलीला २५ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला देण्याचे मान्य करावे लागले. तरीही निजामाच्या राज्याचा पश्चिम भाग आणि मोक्याचे किल्ले त्याच्याकडेच होते. १७५९ मध्ये अहमदनगरचा निजामाचा किल्लेदार कवीजंग याने द्रव्य घेऊन किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन केला. निजामशाहीची ही जुनी राजधानी पुण्याहून औरंगाबादकडे जाणाऱ्या वाटेवर असल्याने तिचे हस्तांतर निजामाला सहन होण्यासारखे नव्हते. सलाबतजंग व निजाम अली फौज घेऊन निघाले. पेशवे नानासाहेब अहमदनगरास येऊन राहिले आणि प्रत्यक्ष मोहिमेची जबाबदारी सदाशिवरावभाऊंवर सोपवण्यात आली. त्यांच्यासोबत पेशव्यांचे बंधू रघुनाथराव व पुत्र विश्वासराव होते.

रणभूमीचा भूगोल

उदगीर, औसा व धारूर ही तिन्ही ठिकाणे बालाघाटाच्या पठारी प्रदेशात असून तिन्ही ठिकाणी किल्ले आहेत. बहमनी काळापासून बीदर, उदगीर, औसा, नळदुर्ग, परांडा व धारूर ही किल्ल्यांची साखळी या पठारावरील हालचालींवर नियंत्रण ठेवत आली होती. १६३६ मध्ये शाहजहानच्या सैन्याने निजामशाही संपवताना उदगीर व औसा हे दोन्ही किल्ले वेढा घालून घेतले होते.

उदगीरहून धारूर वायव्य-पश्चिम दिशेला सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर आहे. औसा या सरळ रेषेवर पडत नाही. ते तिच्या बऱ्याच दक्षिणेला, मांजरा नदीच्या पलीकडे आहे. औशाहून धारूर अजून सुमारे ७५ किलोमीटर उरते. उदगीरहून निघालेली आणि धारूर गाठू पाहणारी फौज औशाच्या टापूत आली, यावरूनच ती मोकळेपणाने वाटचाल करू शकत नव्हती हे दिसते. मराठ्यांचे घोडदळ भोवती असताना जवळच्या किल्ल्याच्या आसऱ्याने सरकण्याखेरीज तिला गत्यंतर नव्हते.

औशाचा किल्ला भुईकोट असून तो खोलगट जागी बांधलेला आहे. त्याच्या सभोवती उंचवटे आहेत. लांबून पाहणाऱ्याला किल्ल्याचा बराचसा भाग दिसत नाही, उलट किल्ल्याच्या उंच बुरुजावरून दूरवरच्या फौजेची चाहूल लागते. दुहेरी तटबंदी व रुंद खंदक ही त्याची संरक्षणाची साधने होती. असा किल्ला शिबंदीला आश्रय देण्यास उत्तम होता. पण हजारो माणसे, घोडी, बैल, उंट व हत्ती असलेल्या संपूर्ण फौजेला तो सामावून घेऊ शकत नव्हता आणि भोवतालच्या उंचवट्यांवर शत्रू आल्यास आतल्यांना बाहेर पडणे अवघड होत असे.

मोहीम माघ महिन्याच्या सुमारास झाली. या दिवसांत पावसाळी ओढे आटत आलेले असतात आणि काळ्या रानातील रब्बीची ज्वारी उभी असते. मोठ्या फौजेला पाणी व वैरण मिळण्याची ठिकाणे मोजकीच असल्याने ती अडवणे चपळ घोडदळाला शक्य होते.

दोन्ही फौजांची युद्धपद्धती

माघार घेणारी किंवा शत्रूच्या वेढ्यातून वाट काढणारी दख्खनी फौज बहुधा ‘गोल’ करून चाले. मधोमध बुणगे, बाजार, खजिना व सामानाचे बैल असत. बाहेरच्या बाजूला तोफा व बंदूकधारी पायदळ असे. पुढच्या तुकडीला हरावल आणि पिछाडी सांभाळणाऱ्या तुकडीला चंदावल म्हणत. गोल शाबूत असेपर्यंत घोडदळाला त्यात शिरता येत नसे. मात्र त्याची गती तोफा ओढणाऱ्या बैलांच्या गतीइतकीच राही. पुढची तुकडी वेगाने गेली आणि मागची रेंगाळली, तर गोलात खिंड पडे. त्यामुळे पाठलागाच्या लढाईत सर्वाधिक ताण चंदावलीवर येत असे.

मराठ्यांची पद्धत याच्या उलट होती. ते समोरासमोर भिडण्याचे टाळून दूरवर फिरत, वैरणीसाठी बाहेर पडलेल्या टोळ्या कापून काढत, धान्याचे तांडे अडवत, गावे ओस पाडत व पाणवठे ताब्यात घेत. पहिल्या बाजीरावाने १७२८ मध्ये पालखेड येथे याच पद्धतीने निजामउल्मुल्काला कोंडीत पकडून मुंगी-शेवगावचा तह करण्यास भाग पाडले. डिसेंबर १७३७ मध्ये भोपाळ येथेही त्याने निजामाला घेरले. परंतु तेथे निजामाच्या तोफखान्यापुढे मराठ्यांचे बळ अपुरे पडले. जड तोफा नसल्याने कोंडलेल्या शत्रूचा संपूर्ण नाश करणे बाजीरावाला शक्य झाले नाही आणि तहावर समाधान मानावे लागले.

उदगीरच्या मोहिमेत या दोन्ही पद्धती प्रथमच एकत्र आल्या. फौजेला वेढून तिची उपासमार करणारे घोडदळ मराठ्यांकडे पूर्वीपासून होतेच. आता गोलाच्या कडेवर मारा करून तो खिळखिळा करणाऱ्या तोफा आणि कवायती पायदळही त्यांच्याकडे होते. उलट बुसीचा फ्रेंच तोफखाना निघून गेल्याने निजामाच्या गोलाची बाहेरची भिंत पूर्वीइतकी भक्कम राहिली नव्हती.

मोहिमेचा क्रम

सलाबतजंग व निजाम अली बीदरकडून उदगीरला आले. धारूर येथे त्यांच्या फौजेचा दुसरा भाग गोळा झालेला होता. तो मिळाल्यावर अहमदनगरच्या दिशेने जाऊन मराठ्यांशी सामना देण्याचा त्यांचा बेत होता. सदाशिवरावभाऊंनी हे दोन भाग एकत्र येऊ न देणे हेच आपले पहिले उद्दिष्ट ठरवले. त्यासाठी त्यांनी मुख्य फौज उदगीर व धारूर यांच्या दरम्यान आणली.

जानेवारी १७६० च्या उत्तरार्धात चकमकींना सुरुवात झाली. मराठ्यांच्या टोळ्यांनी निजामाच्या तळाभोवती फिरून वैरण व धान्य बंद केले. निजामाच्या फौजेने गोल करून पश्चिमेकडे कूच केले. दिवसा तोफांच्या आडून काही अंतर पुढे सरकायचे, रात्री तळ द्यायचा आणि पुन्हा वाट काढायची असा तिचा क्रम होता. इब्राहिमखानाच्या तोफा जवळ येऊन मारा करीत आणि मराठ्यांचे घोडदळ बगलांवर व पिछाडीवर ताण ठेवी. उदगीर ते औसा हे अंतर कापायला मोकळ्या फौजेला चारपाच मुक्काम पुरेसे झाले असते. वेढलेल्या अवस्थेत त्यासाठी साधारण दोन आठवड्यांचा काळ गेला. धारूरची कुमक मात्र पुढे येऊन मिळू शकली नाही.

३ फेब्रुवारीची लढाई

३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाच्या परिसरात मराठ्यांनी दूरवरून छळण्याचे तंत्र सोडले आणि निजामाच्या चालत्या फौजेवर थेट हल्ला केला. हल्ल्याचा भर संपूर्ण गोलावर नव्हता. पिछाडी व बगल सांभाळणाऱ्या तुकड्या मुख्य फौजेपासून तुटतील अशा बेताने तो केला होता. तोफांच्या माऱ्याने विस्कळीत झालेल्या या तुकड्यांवर घोडदळ तुटून पडले आणि हातघाईची लढाई झाली. निजामाची मोठी मनुष्यहानी झाली व त्याच्या काही तोफा मराठ्यांच्या हाती पडल्या.

या हल्ल्यानंतर निजामाची उरलेली फौज एका जागी आखडली. पुढे धारूरची वाट बंद होती, मागे उदगीर व बीदरकडे परतण्याचा मार्गही मराठ्यांच्या ताब्यात होता. शिधासामग्री संपत आली होती. पुन्हा गोल करून निघावे, तर त्याची पिछाडी सांभाळण्यास पुरेसे सैन्य उरले नव्हते. अशा स्थितीत आणखी एक लढाई देण्याऐवजी निजाम अलीने वाटाघाटी सुरू केल्या.

तह

फेब्रुवारी १७६० मध्येच तह झाला. त्यानुसार निजामाने सुमारे ६० लाख रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांना देण्याचे मान्य केले. काही इतिहासकार हा आकडा ६२ लाख देतात. मुलुखाबरोबर पुढील महत्त्वाची ठिकाणे मराठ्यांकडे आली:

अहमदनगर: किल्ला आधीच मराठ्यांकडे आला होता. तहाने तो ताबा मान्य झाला.
दौलताबाद: यादवांची प्राचीन राजधानी आणि औरंगाबादच्या रक्षणाचा मुख्य किल्ला.
असीरगड व बऱ्हाणपूर: नर्मदा ओलांडून दक्षिणेत येणाऱ्या मार्गाचे नाके.
विजापूर: आदिलशाहीची जुनी राजधानी.

या यादीचे महत्त्व उत्पन्नाच्या आकड्याहून अधिक होते. निजामशाही व आदिलशाही या दोन्ही राज्यांच्या राजधान्या आणि मोगल दख्खनची प्रवेशद्वारे एकाच तहाने पेशव्यांच्या ताब्यात येत होती. औरंगाबाद शहर मात्र निजामाकडे राहिले. ज्या भूमीवर ही मोहीम झाली ते उदगीर, औसा व धारूर हे किल्लेही निजामाकडेच राहिले.

कोंडीत सापडलेल्या निजामाचा पूर्ण बीमोड न करता तह का केला, हा प्रश्न इतिहासकारांनी चर्चिला आहे. याच सुमारास उत्तरेकडील परिस्थिती बिघडली होती. अहमदशाह अब्दाली पंजाबात उतरला होता आणि १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले होते. ही वार्ता फेब्रुवारीत दक्षिणेत पोहोचली. पेशव्यांची सर्वांत मोठी व सुसज्ज फौज औशाच्या माळावर दीर्घकाळ गुंतवून ठेवणे आता परवडणारे नव्हते.

परिणाम

पानिपतची मोहीम

मार्च १७६० मध्ये परतूर (सध्याचा जालना जिल्हा) येथे पेशव्यांनी अब्दालीविरुद्धच्या मोहिमेचा निर्णय घेतला. उत्तरेचा अनुभव रघुनाथरावांना होता, पण त्यांच्या आधीच्या मोहिमेने राज्यावर मोठे कर्ज झाले होते. उदगीरच्या ताज्या विजयामुळे सदाशिवरावभाऊंचे पारडे जड झाले आणि विश्वासरावांच्या नावाखाली मोहिमेची धुरा त्यांच्याकडे देण्यात आली. उदगीरच्या फौजेचाच मोठा भाग त्यांच्याबरोबर उत्तरेकडे निघाला. त्यात इब्राहिमखानाचा तोफखाना व पायदळ होते.

उदगीर व पानिपत या दोन मोहिमांत एक वर्षाहून कमी अंतर आहे आणि त्यांची मांडणी विलक्षण रीतीने एकमेकींच्या उलट आहे. औशाजवळ मराठे पाठलाग करणारे होते आणि तोफा, बुणगे व बाजार घेऊन वाट काढणारी फौज निजामाची होती. नोव्हेंबर १७६० ते जानेवारी १७६१ या काळात पानिपत येथे खंदकाच्या आड तोफा व मोठा लवाजमा घेऊन मराठे बसले होते आणि त्यांची रसद तोडणारे चपळ घोडदळ अब्दालीचे होते. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे तोफा पुढे ठेवून बाहेर पडले. यात्रेकरू व बिनलढाऊ लोकांना सांभाळत गोलाने वाट काढण्याचा तो प्रयत्न होता, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. इब्राहिमखानाच्या पलटणींनी आरंभी शत्रूच्या उजव्या बगलेची दाणादाण उडवली. परंतु रचना अखेरपर्यंत टिकली नाही. सदाशिवरावभाऊ व विश्वासराव रणात पडले, इब्राहिमखान पकडला जाऊन मारला गेला.

उदगीरच्या विजयाने भाऊंचा कवायती पायदळ व जड तोफखाना यांवरील विश्वास दृढ झाला, हे मत इतिहासलेखनात वारंवार मांडले गेले आहे. औशाजवळ मात्र तोफखान्याचे यश भोवती मोकळे फिरणाऱ्या घोडदळावर अवलंबून होते. रसद मराठ्यांच्या हाती होती, स्वदेश जवळ होता आणि शत्रूची कुमक अडवलेली होती. पानिपतावर यांपैकी एकही गोष्ट मराठ्यांच्या बाजूने राहिली नाही.

मिळालेल्या मुलुखाचे भवितव्य

पानिपतनंतर निजाम अलीने उदगीरचा तह झुगारण्याचा प्रयत्न केला. जून १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांचे निधन झाले आणि वर्षअखेरीस निजाम अली पुण्याच्या रोखाने चालून आला. उरळी येथे जानेवारी १७६२ मध्ये झालेल्या समेटात काही मुलूख त्याला परत देण्याचे ठरले. त्याच वर्षी निजाम अलीने सलाबतजंगाला पदच्युत करून बीदर येथे कैदेत ठेवले व तो स्वतः निजाम झाला. पुढे थोरले माधवराव व रघुनाथराव यांच्या कलहात निजामाची मदत घेण्यासाठी रघुनाथरावांनी दौलताबादसह सुमारे ५१ लाखांचा मुलूख त्याला देऊ केला. तीन वर्षांच्या आत उदगीरचा बहुतेक लाभ अशा रीतीने धोक्यात आला.

१० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे माधवरावांनी निजामाचा पराभव केला. ही लढाईही निघून जाणाऱ्या फौजेच्या पिछाडीवर झाली. निजाम अली नदी ओलांडून पलीकडे गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या तीरावर मागे राहिला होता. तो लढाईत मारला गेला. नंतरच्या तहाने ८२ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला आणि उदगीरला कमावलेला लाभ खऱ्या अर्थाने पदरात पडला.

मूल्यमापन

लष्करीदृष्ट्या उदगीरची लढाई हे पालखेड, भोपाळ व सिंदखेड या परंपरेतील पुढचे पाऊल मानले जाते. शत्रूला गाठून लढण्यापेक्षा त्याला त्याच्या कुमकेपासून तोडणे, चालत्या फौजेला थकवणे आणि तिचा कमकुवत भाग वेगळा पडताच त्यावर सर्व बळ लावणे हे या पद्धतीचे सूत्र होते. भोपाळच्या वेळी त्यात तोफखान्याची जी उणीव राहिली, ती औशाजवळ भरून निघाली.

राजकीयदृष्ट्या हा विजय जितका मोठा तितकाच तो टिकवण्यास अवघड ठरला. निजाम अलीची फौज तुटली असली तरी नष्ट झाली नव्हती आणि त्याचे राज्य शाबूत होते. पेशव्यांची मुख्य फौज उत्तरेकडे गेल्यावर तहाची अंमलबजावणी करण्याचे बळ दक्षिणेत उरले नाही. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत हाच निजाम अली पुन्हा मराठ्यांशी लढला. तेथेही त्याने रात्री माघार घेऊन खर्ड्याच्या लहान भुईकोटाचा आसरा घेतला, कोंडी झाली आणि तह करावा लागला. औशाजवळचा प्रसंग व खर्डा यांत ३५ वर्षांचे अंतर असले, तरी सोबतच्या मोठ्या लवाजम्यामुळे मंदावलेली फौज, भोवती घोडदळ आणि अपुरा पडणारा किल्ला हे चित्र दोन्हीकडे सारखेच आहे.

रणभूमीचा परिसर आज

उदगीर व औसा हे दोन्ही भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात, तर औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून उदगीर, औसा व तांदुळजा, म्हणजे मोहिमेचा आरंभ, मार्ग आणि शेवट, एकाच जिल्ह्यात आहेत. धारूर बीड जिल्ह्यात आहे. उदगीर, औसा व धारूर येथील किल्ल्यांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात.